वाळेल तेच आणा

उष्ण कटिबंधातल्या योगशिबिराला जाताना काय न्यावं, याच्या याद्या हल्ली सगळीकडे सारख्याच दिसतात. चार-पाच अंगाबरोबरच्या लेगिंग्ज, तेवढेच टी-शर्ट, जाड टर्किश टॉवेल, स्वतःची मॅट, मॅटवर मारायचा स्प्रे, इलेक्ट्रोलाइटची पाकिटं, सुगंधी तेलाच्या कुप्या. ही यादी बाली, गोवा, केरळ आणि कोकण यांत फरक करत नाही. मे आणि ऑगस्ट यांतही करत नाही. माझं म्हणणं असं, की सुरुवात वस्तूंपासून करूच नये. जिथे जायचं तिथली हवा भिजलेल्या कपड्यातलं पाणी किती वेळात ओढून घेते हे आधी विचारावं, आणि त्या उत्तरावर बॅग भरावी. हे म्हणणं तपासायला मिरकरवाडा चांगली जागा आहे. रत्नागिरीच्या भगवती किल्ल्याच्या आडोशाला असलेलं हे बंदर महाराष्ट्रातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. ओले दोर, ओली जाळी आणि खारी हवा यांच्याशी इथल्या माणसांचा रोजचा व्यवहार आहे. बंदरापासून चालत जाता येईल अशा एखाद्या घरात आठवडाभराचं शिबिर आहे असं धरून चालू, आणि पुण्याहून येणाऱ्या शिबिरार्थीला तिची बाजू पूर्ण मांडू देऊ.

शिबिरार्थी: ताई, मला यात एवढा विचार करण्यासारखं काही दिसत नाही. पुण्यात मे महिन्यात पारा ३७-३८ वर असतो, कधी चाळिशी गाठतो, आणि त्याच उन्हाळ्यात मी रोज सकाळी तासभर आसनं करते. रत्नागिरीचं मे महिन्यातलं कमाल तापमान ३२-३३ च्या आसपास. म्हणजे मी जास्त उष्ण गावातून कमी उष्ण गावात येते आहे. जे कपडे मला पुण्यात पुरतात ते तिकडे पुरणार नाहीत, असं का मानायचं? आणि आठवडाभरासाठी सात जोड आणले, तर वाळण्याबिळण्याचा प्रश्नच येत नाही. रोज एक नवा जोड, मळलेले पिशवीत, घरी आल्यावर मशीनला.

लेखिका: पाऱ्यावरून हवा ओळखायची सवय घाटावरच्या माणसाला कोकणात फसवते. पुण्यात मेमधल्या दुपारी हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असते; रत्नागिरीत त्याच वेळी ती सत्तरच्या घरात असते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंच्याऐंशी-नव्वदच्या. माणसाचं अंग गार होतं ते घाम येण्याने नव्हे, घाम उडून जाण्याने. एक ग्रॅम घाम वाफ होऊन गेला, तर तो अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच ग्रॅम नाकावरून टपकन जमिनीवर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. पुण्याच्या कोरड्या हवेत तुमचा बराचसा घाम तुम्हाला दिसायच्या आत उडून जातो. मिरकरवाड्यात तो दिसतो, ओघळतो, कमरपट्ट्यात साचतो. तासाभराच्या आसनांनंतर पुण्यात दमट वाटणारा टी-शर्ट इथे पिळून पाणी निघेल असा होतो. म्हणून सात जोडांचा उपाय इथे उलटतो. सोमवारचा भिजलेला जोड पिशवीत बंद केला, की बुधवारपर्यंत त्याला कुबट वास लागतो आणि शुक्रवारपर्यंत त्यावर बुरशीचे काळे ठिपके येऊ शकतात. ते ठिपके सुताच्या आत शिरतात, मशीनमध्ये जात नाहीत. तीन जोड आणा, रोज धुवा, रोज वाळवा. मग प्रश्न उरतो तो रोज वाळेल असा जोड कोणता, एवढाच.

शिबिरार्थी: मग उत्तर तुम्हीच दिलंत. सर्वात लवकर वाळतं ते पॉलिस्टर आणि नायलॉन. प्रमाणित हवेत कोरडा सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के पाणी नुसता बाळगून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. आणि तुम्ही मिरकरवाड्याचं नाव घेता म्हणून सांगते: तिथल्या मच्छीमारांनीच हा निकाल केव्हाचा देऊन टाकला आहे. पूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत, प्रत्येक फेरीनंतर पसरून वाळवावी लागत. नायलॉन आलं आणि सुती जाळं गेलं. ज्यांचं पोट ओलाव्याशी झुंजण्यावर आहे त्यांनी सूत सोडलं, आणि तुम्ही मला सुती कपडे आणायला सांगणार?

लेखिका: हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. पण जाळ्याकडून अपेक्षा एकच असते, पाण्यात राहूनही पाण्याचं काही लागू नये. त्वचेला चिकटलेल्या कापडाकडून अपेक्षा नेमकी उलट असते. घाम त्वचेवरून उचलून घ्यायचा, पसरवायचा आणि हवेच्या स्वाधीन करायचा. कृत्रिम धाग्याचं चांगलं विणलेलं कापडही घाम पसरवतं, हे मान्य. पण योगाच्या नावाने विकलं जाणारं बहुतेक कापड निव्वळ पॉलिस्टर नसतं. त्यात ताणलं जाणारं स्पॅन्डेक्स असतं आणि ते अंगाला आवळून बसतं. कापड आणि कातडी यांच्यामध्ये वारा जायला जागा राहत नाही, आणि वारा नसेल तर धागा कुठलाही असो, घाम उडत नाही. मांडीच्या सांध्यात, कमरेला, स्तनांखाली ओल तशीच राहते. त्याचा परिणाम म्हणजे घामोळं, आणि त्याहून चिवट म्हणजे नायटा. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर नायट्याची अशी साथ पसरली आहे, की नेहमीच्या औषधांना ती दाद देत नाही. स्टिरॉइड मिसळलेली मलमं मनाने चोळल्यामुळे ती आणखी बळावली. त्वचारोगतज्ज्ञ अशा रुग्णाला जे पहिलं सांगतात त्यात सैल सुती कपडे, कोरडी कातडी आणि स्वतःचा वेगळा टॉवेल हे तीन सल्ले हमखास असतात.

वासाचंही तसंच. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये २६ जणांना तासभर सायकलचा जोरदार व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट बंद ठेवले आणि नंतर तपासले. पॉलिस्टरच्या टी-शर्टांना सुती टी-शर्टांपेक्षा जास्त उग्र वास आला, कारण वास निर्माण करणारे मायक्रोकोकस जिवाणू पॉलिस्टरवर अधिक वाढले होते. आता डासांचा मुद्दा घ्या. किनाऱ्यावरच्या शिबिरात डास पळवणारं मलम लागणारच, आणि त्यातलं सर्वाधिक वापरलं जाणारं रसायन म्हणजे डीट. ते सुताला आणि नायलॉनला काही करत नाही, पण स्पॅन्डेक्स, रेयॉन आणि कित्येक प्रकारचं प्लास्टिक खराब करतं. शिवाय अंगावर ताणून बसलेल्या पातळ कापडातून डास सहज चावतो. सैल कापडातून त्याची सोंड कातडीपर्यंत पोचत नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे तुमच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या वर्गाच्याच वेळेला.

तरी तुमच्या युक्तिवादातला एक भाग मी जसाच्या तसा घेते. सुती म्हणजे कोणतंही सुती नव्हे. जाड होजियरीचा टी-शर्ट, डेनिम, टर्किश टॉवेल हे सुतीच आहेत आणि कोकणात ते दुसऱ्या दिवशीही ओले राहतात. धाग्याइतकीच, किंबहुना जास्तच, जाडी महत्त्वाची. इथे पंच्याकडे जवळून पाहावं. पातळ, सैल विणीचा, दोन्ही काठ पडलेला, घडी घातली तर मुठीत मावेल एवढा. त्याला ना रोवे ना दुहेरी वीण, त्यामुळे पाणी लपून बसायला जागा नाही. पिळला की बहुतेक पाणी निघून जातं, दांडीवर टाकला की उरलेलं दोन-तीन तासांत उडतं. तो अंग पुसायला, डोक्याला बांधायला, ध्यानाला बसताना खाली घालायला आणि उन्हात खांद्यावर घ्यायला चालतो. बाजारात ‘झटपट वाळणारा प्रवासी टॉवेल’ म्हणून जे महाग मिळतं, त्याचं सगळं काम पंचा करतो. टर्किश टॉवेल घरी ठेवा आणि तीन पंचे आणा. किंवा एकच आणा, उरलेले रत्नागिरीच्या बाजारात घ्या. कपड्यांचंही तेच माप लावा: मलमलीचा किंवा पातळ खादीचा कुर्ता, नाडीची सैल सुरवार किंवा पायजमा. उलट्या आसनांत कुर्ता तोंडावर येतो ही तक्रार खरी आहे; तो आत खोचला, की ती मिटते.

शिबिरार्थी: हे सगळं मे महिन्याचं झालं. पण आंतरराष्ट्रीय योग दिवस २१ जूनला असतो, आणि त्याचं निमित्त धरून शिबिरं भरतात. तेव्हा तुमचा पंचाही वाळणार नाही.

लेखिका: नाही वाळणार, हे खरं. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात ठराव केला आणि २०१५ पासून हा दिवस साजरा होऊ लागला. उत्तर गोलार्धातला सर्वात मोठा दिवस म्हणून तारीख निवडली गेली. कोकणात मात्र तो मोसमी पावसाच्या ऐन भरातला दिवस. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मिरकरवाड्यात तेव्हा ट्रॉलर नांगरलेले असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत माझा नियम बदलत नाही, उत्तर बदलतं. हवा पाणी ओढून घेतच नसेल, तर कमीत कमी पाणी धरणारं कापड हवं, आणि तिथे तुमचा कृत्रिम धागा जिंकतो. अट एकच, तो सैल असावा. पावसाळ्यात तीनऐवजी पाच जोड आणा, नायलॉनची दोरी आणि प्लास्टिकचे चिमटे आणा, आणि शिबिराच्या घरात पंख्याखाली कपडे टाकायला जागा आहे का हे पैसे भरायच्या आधी विचारा. कातड्याच्या चपला, कातड्याचा पट्टा, कापडी पुठ्ठ्याची वही यांना आठवड्यात बुरा येतो. त्या आणूच नका. माझं स्वतःचं मत विचाराल, तर पहिल्यांदा येणाऱ्याने नोव्हेंबर ते जानेवारी हेच दिवस निवडावेत. पहाटे पारा १८-२० पर्यंत उतरतो, एक पातळ शाल लागते, आणि सकाळी धुतलेलं दुपारी घडी घालता येतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीकडचा वारा टिकून राहिला, की रत्नागिरीचा पारा एकाएकी पस्तिशीच्या वर जातो आणि त्या दिवशीच्या देशातल्या उष्ण ठिकाणांत तिचं नाव येतं. तेव्हा हवा कोरडी असते, कपडे तासात वाळतात, पण डोकं तापतं. टोपी त्या दिवसांसाठी.

वाळवण्याचं एक इथलं शास्त्र आहे, ते घाटावर कळायला वाव नाही. रात्री आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ते मतलई वारे. दिवस वर आला की समुद्राकडून येतात ते खारे वारे. मतलई वारा तुलनेने कोरडा. पहाटेचा वर्ग संपताच कपडे धुवून टाकले, तर खारा वारा जोर धरायच्या आत त्यांना दोन-तीन तास मिळतात. समुद्राच्या तोंडावरच्या गच्चीत दिवसभर कपडे लटकत ठेवले, तर वाऱ्याबरोबर आलेलं मीठ त्यांवर बसतं. साधं मीठ आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठातले मॅग्नेशियमचे क्षार त्याहूनही कमी आर्द्रतेत. म्हणून दुपारी कोरडा वाटलेला कुर्ता रात्री पुन्हा चिकट होतो. इथल्या ‘पांढरा समुद्र’ नावाच्या किनाऱ्यावर पाय भिजवून आल्यावर सुरवार नुसती वाळत घातली तर ती आठवडाभर वाळणार नाही. आधी गोड्या पाण्यातून काढावी लागते. लोखंडी चेन आणि हुक याच मिठाने गंजतात आणि कपड्यावर तांबडा डाग सोडतात. नाडी गंजत नाही.

शिबिरार्थी: मॅटचं काय? ती तर मी आणणारच. दुसऱ्याच्या घामाने भिजलेल्या मॅटवर झोपायचं, हे नायट्याबद्दल तुम्हीच सांगितल्यावर मला जमणार नाही. आणि साधनं हा काही परदेशी चोचला नाही. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्याला आले आणि त्यांनी याच महाराष्ट्रात पट्टे, विटा, घोंगड्या, खुर्च्या वापरून आसनं शिकवली. घसरून मनगट दुखावलं तर शिबिर तिथेच संपतं.

लेखिका: अय्यंगारांचा दाखला योग्य आहे, आणि तो माझ्या बाजूनेही आहे. त्यांची साधनं वर्गात ठेवलेली असत. विद्यार्थ्याने ती पाठीवर वाहून आणावीत अशी नव्हती. आजची चिकट मॅट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात गालिच्याखाली घालायच्या थरापासून आली, कोरड्या, थंड खोल्यांमधल्या गुळगुळीत फरशीसाठी. मिरकरवाड्याच्या हवेत तिची दोन्ही रूपं अडचणीची आहेत. बंद छिद्रांची मॅट घाम शोषत नाही, त्यामुळे तळवे तिच्यावर घसरतात; म्हणजे ज्या भीतीने आणली तेच होतं. उघड्या छिद्रांची मॅट घाम शोषते, पकड देते, आणि मग आतून वाळत नाही. गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या अशा मॅटचा वास तिसऱ्या दिवशी खोलीभर होतो. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात आसनाची जी रचना सांगितली आहे, खाली दर्भ, त्यावर मृगाजिन, वर वस्त्र, तिच्यात एक व्यवहार दिसतो: अंगाशी येणारा थर कापडाचा, म्हणजे धुता येणारा. तोच व्यवहार आज पाळावा. खालची मॅट किंवा चटई शिबिराची वापरा; तुमचा वरचा थर तुम्ही आणा, एक पातळ सुती चादर किंवा अंगभर पंचा, रोज धुतला जाणारा. किंचित ओलसर सूत हाताला चांगली पकड देतं, आणि दुसऱ्याचा घाम तुमच्या कातडीपर्यंत येत नाही. गुडघ्याचा किंवा मनगटाचा जुना त्रास असलेल्याने मात्र स्वतःची ओळखीची मॅट आणावी; तिथे मी वाद घालणार नाही. स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेत प्राणायामाच्या श्रमाने आलेला घाम अंगालाच चोळावा असं सांगितलेलं आहे. त्यामागचं मूळ कारण वेगळं असेल, पण दमट हवेत त्याचा उपयोग कळतो: थेंबाने ओघळणारा घाम वाया जातो, पातळ थरात पसरलेला घाम उडतो. प्रत्येक आसनानंतर टॉवेलने खसाखसा पुसायची सवय इथे सोडून द्यावी.

शिबिरार्थी: आणि मासळीचा वास? शांततेसाठी यायचं आणि खिडकीखाली डिझेल इंजिनं, लिलावाचा गलका, बर्फाच्या गाड्या. सुगंधी तेल आणि कानातले बोळे तरी आणू द्या. शिवाय बंदरातून चालताना अमुक घालू नका, तमुक घालू नका, हेही तुम्ही सांगणार असं दिसतंय.

लेखिका: कानातले बोळे जरूर आणा; ट्रॉलर भरतीच्या आणि मासळीच्या वेळेने येतात, शिबिराच्या वेळापत्रकाने नाही. तेलाच्या कुप्यांबद्दल मात्र माझा आग्रह आहे की त्या आणू नयेत. दमट, कोंदट खोलीत मासळीच्या वासावर लव्हेंडरचा वास चढवला, की दोन्ही मिळून डोकं धरतं. खिडकी उघडी ठेवली तर नाक काही तासांत सरावतं. मासेमारीच्या किनाऱ्यावर योग शिकवणं ही काही नवी कल्पना नाही. श्री योगेंद्रांनी १९१८ मध्ये योग इन्स्टिट्यूट सुरू केली ती वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, दादाभाई नौरोजींच्या बंगल्यात, आणि वर्सोवा हा कोळीवाडाच. कपड्यांबद्दल मी नियम सांगत नाही, जागा सांगते. मिरकरवाडा ही मच्छीमारांची दाट वस्ती आहे, त्यांत मुस्लिम कुटुंबं बहुसंख्य आहेत, आणि जेटी म्हणजे कामाची जागा आहे. तिथे टोपल्या घेऊन लगबगीने जाणाऱ्या बाया, जाळी ओढणारे खलाशी, हिशेब पाहणारे तांडेल असतात. कारखान्यात पाहुणा म्हणून गेलो तर आपण तिथल्या लोकांच्या मध्ये येत नाही आणि न विचारता त्यांचे फोटो काढत नाही. तेवढंच इथे पाळायचं. वर्गातले कपडे वर्गात. बाहेर पडताना वरून सैल कुर्ता आणि ओढणी, जी उन्हालाही उपयोगी पडते. पायात मात्र पकड असलेली रबरी चप्पल हवीच, कारण जेटीवर बर्फाचं पाणी आणि खवले यांनी फरशी निसरडी झालेली असते. आणि एक स्टीलची बाटली आणा. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी असूनही बंदराच्या पाण्यावर काय तरंगतं ते तुम्हाला दिसेलच. त्यात सात दिवसांच्या चौदा बाटल्यांची भर कशाला?

शिबिरार्थी: मग इलेक्ट्रोलाइटची पाकिटंही नकोत म्हणाल. औषधं तरी आणायची की नाही?

लेखिका: इलेक्ट्रोलाइटच्या महागड्या पुड्या नकोत. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जातं. मीठ घातलेलं कोकम सरबत आणि पेज ते भरून काढतात. नुसतं शहाळं पुरत नाही, त्यात सोडियम कमी असतं. जुलाब झाले तर मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं साधं ओआरएसच लागतं, त्याची चार पाकिटं बॅगेत असू द्या. रोजची औषधं आणताना गोळ्या मूळ पट्टीतच ठेवा. सुट्या गोळ्या डबीत घातल्या की या हवेत मऊ पडतात. सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, आत सिलिका जेलची पुडी. इन्सुलिन घेत असाल तर शिबिरात फ्रीज आहे का, आणि पावसाळ्यात वीज गेली तर काय करतात, हे आधी विचारा. वापरात नसलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, कारण कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका खरा आहे. जलरोधक पट्ट्या जवळ ठेवा, आणि घरी गेल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कोकणात जाऊन आल्याचं सांगा. प्रिस्क्रिप्शनची एक प्रत कागदावर काढून प्लास्टिकच्या पाकिटात घाला. औषधांची दुकानं शहरात भरपूर आहेत आणि जिल्हा रुग्णालयही रत्नागिरीतच आहे, पण तुम्ही घेता त्या कंपनीची गोळी मिळाली नाही तर त्या कागदावरच्या मूळ औषधाच्या नावानेच दुसरी देता येते.